‘अमेरिकेचा शोध लावला’ : एका शालेय वाक्याचे भाषिक परीक्षण

१

सोलापूर शहराच्या पूर्व भागातील एका शाळेत गेल्या वर्षी प्रस्तुत लेखकास इयत्ता आठवीच्या इतिहासाच्या तासाला बसण्याचा योग आला. भाषाविज्ञान हा लेखकाचा विषय. ज्या वर्गातील मुलांच्या घरी मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी अशा चार भाषा बोलल्या जातात, त्या वर्गात पाठ्यपुस्तकाची मराठी कशी ग्रहण केली जाते, एवढेच पाहण्याचा मूळ हेतू होता. त्या दिवशीचा पाठ युरोपीय दर्यावर्दींच्या सफरींचा होता. शिक्षकांनी फळ्यावर एकाखाली एक तीन ओळी लिहिल्या : इ. स. १४५३, कॉन्स्टॅन्टिनोपलचा पाडाव, इ. स. १४९२, कोलंबसाने अमेरिकेचा शोध लावला, इ. स. १४९८, वास्को-द-गामा कालिकतला आला. मुलांनी त्या वहीत उतरवून घेतल्या. तेवढ्यात मधल्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘सर, तिथं माणसं आधीपासनं होती की. मग शोध लावला कसं म्हणायचं?’’ वर्गात हशा पिकला. मागच्या बाकावरून एका मुलाने भर घातली, ‘‘आणि त्यांना इंडियन का म्हणायचं? इंडियन तर आपण.’’

शिक्षक अनुभवी होते. त्यांनी प्रश्न हसण्यावारी नेले नाहीत. परंतु तास संपत आला होता आणि पाठ पुरा करावयाचा होता. ‘‘परीक्षेत पुस्तकातलं लिहा, बाकीचं नंतर बोलू,’’ असे सांगून ते पुढच्या मुद्द्याकडे वळले. ह्यात त्यांना दोष देण्याचे कारण नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी विद्यार्थी म्हणून हेच वाक्य पाठ केले आहे आणि शिक्षक म्हणून त्याच घाईने ते पुढे दिले आहे. तथापि त्या मुलीचा प्रश्न वरवर दिसतो तितका बाळबोध नाही. तो एका क्रियापदाविषयी आहे, आणि म्हणून इतिहासाइतकाच भाषेच्या अभ्यासकाचाही आहे. त्या प्रश्नाला उत्तर देताना दक्षिणेतील आपल्या प्रदेशाचा त्या घटनेशी असलेला संबंध कसा उलगडत जातो, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

२

प्रथम ‘शोध’ हा शब्द घेऊ. संस्कृत ‘शुध्’ ह्या धातूपासून तो सिद्ध झाला आहे आणि शुद्ध होणे, निर्मळ होणे हा त्या धातूचा अर्थ. मळ काढून टाकणे, पाठातील अशुद्धे दूर करणे ह्या अर्थी ‘शोधन’ हा शब्द चालत आला. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ते कार्य ह्या मूळ अर्थाने शोधनच होते. चाळता-निवडता हवी ती वस्तू हाती लागते, ह्या अनुभवातून ‘शोधणे’ म्हणजे धुंडाळणे हा अर्थ मराठीत रूढ झाला असावा. पुढे त्याच नामाला ‘लावणे’ हे क्रियापद जोडून अज्ञात गोष्ट ज्ञात करणे हा अर्थ आपण घेऊ लागलो. आज ‘शोध’ ह्या एकाच शब्दाच्या पोटात किमान चार क्रिया नांदतात : हरवलेल्याचा तपास, अज्ञात सत्याचे ज्ञान, नव्या यंत्राची निर्मिती आणि विद्यापीठीय संशोधन. शोध गुन्हेगाराचा घेतला जातो, गुरुत्वाकर्षणाचा लावला जातो, वाफेच्या इंजिनाचाही लावला जातो. आठवीच्या मुलाला हे भेद कोणी समजावून सांगत नाही. ‘शोध लावला’ म्हणजे पूर्वी नव्हते ते ह्या गृहस्थाने प्रथम आणले, एवढाच अर्थ त्याच्या मनात उमटतो.

ह्या वाक्याची रचनाही पाहण्यासारखी आहे. ‘कोलंबसाने अमेरिकेचा शोध लावला’ ह्यात कर्ता एक, आणि ज्याचा शोध लागला ती एक भूमी. तिथे राहणाऱ्या माणसांना ह्या वाक्यात जागाच नाही. व्यवहारात आपण हे क्रियापद असे वापरीत नाही. एखाद्या घराच्या ओट्यावर घरधनी बसलेला असताना, ‘मी ह्या घराचा शोध लावला’ असे कोणी म्हणत नाही. घर सापडले, घरी पोहोचलो, असे म्हणतो. मुलीच्या कानाला जे खटकले ते हेच होय. तिची व्याकरणबुद्धी पाठ्यपुस्तकाच्या वाक्यापेक्षा सावध होती.

सोलापूरच्याच दुसऱ्या दोन भाषांकडे वळले असता ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी ज्या भाषेत वचने रचली त्या कन्नडमध्ये शोध लावणे ह्या अर्थी ‘कंडुहिडि’ असे संयुक्त क्रियापद आहे. ‘कंडु’ म्हणजे पाहून आणि ‘हिडि’ म्हणजे धरणे, पकडणे. तेलुगूत ‘कनुगोनु’ म्हणतात. त्यात ‘कनु’ म्हणजे पाहणे आणि ‘कोनु’ म्हणजे घेणे. ह्या शब्दांत कोणताही राजकीय हेतू नाही. मनाने पाहणे आणि मनाने ग्रहण करणे एवढेच त्यांत अभिप्रेत आहे. तरीही १४९२ सालच्या घटनेपुरते बोलावयाचे झाल्यास, पाहणे आणि घेणे ही दोन पदे तिचे वर्णन मराठी शब्दापेक्षा अधिक नेमकेपणाने करतात. ते कसे, हे आता पाहू.

३

शालेय पाठांत सफरींचे कारण म्हणून १४५३ हे वर्ष सांगितले जाते. तुर्कांनी कॉन्स्टॅन्टिनोपल जिंकले, खुष्कीचा मार्ग बंद झाला आणि म्हणून युरोपीयांना सागरी मार्ग शोधावा लागला, अशी ही साखळी आहे. ती लक्षात ठेवण्यास सोपी आहे, परंतु अपुरी आहे. पोर्तुगीजांनी उत्तर आफ्रिकेतील सेउता हे बंदर १४१५ मध्येच घेतले होते आणि १४५३ पूर्वीच त्यांची जहाजे आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकू लागली होती. दुसरे असे की, मिरी आणि इतर मसाले मुख्यतः तांबड्या समुद्रातून इजिप्तमार्गे अलेक्झांड्रियाला आणि तेथून व्हेनिसला जात. इजिप्तवर त्या वेळी मामलुक सुलतानांची सत्ता होती. तुर्कांनी तो देश घेतला तो १५१७ मध्ये. तेव्हा मार्ग बंद पडला म्हणून नव्हे, तर त्या मार्गावरील अनेक हातांचा नफा टाळून मिरी थेट मिळवावी, सोने मिळवावे आणि धर्मप्रसार साधावा, ह्या हेतूंनी हे प्रवास घडले, असे म्हणणे अधिक योग्य.

पृथ्वी सपाट आहे असे सर्व समजत होते आणि कोलंबसाने ती गोल असल्याचे दाखविले, ही समजूतही अद्याप ऐकू येते. त्या काळच्या युरोपातील सुशिक्षित वर्गाला पृथ्वी गोल असल्याचे ठाऊक होते. वाद अंतराचा होता. कोलंबसाने पृथ्वीचा परीघ लहान धरला आणि आशिया खंड पूर्वेकडे फार पसरलेला मानला. त्यामुळे कॅनरी बेटांपासून जपानपर्यंतचे अंतर त्याच्या हिशेबात प्रत्यक्षाच्या जेमतेम चतुर्थांश भरले. त्याचा हिशेब चुकीचा ठरविणारे पंडित बरोबर होते. मध्ये एक खंड आडवे आले म्हणून त्याचा आणि त्याच्या खलाशांचा जीव वाचला.

३ ऑगस्ट १४९२ रोजी तीन जहाजांनिशी तो स्पेनमधील पालोस बंदरातून निघाला आणि १२ ऑक्टोबरला आजच्या बहामा द्वीपसमूहातील एका बेटावर उतरला. त्याची मूळ रोजनिशी उपलब्ध नाही. बार्तोलोमे दे लास कासास ह्या धर्मोपदेशकाने केलेल्या गोषवाऱ्याच्या रूपाने ती आपल्यापर्यंत पोहोचली आहे. तिच्यावरून दिसते की, किनाऱ्यावर उतरताच राजध्वज उभारण्यात आला, सोबतच्या लेखनिकास साक्षीला ठेवण्यात आले आणि बेटाचा ताबा स्पेनच्या राजाराणीच्या नावे घेतल्याचे जाहीर करण्यात आले. बेटवासी आपल्या भूमीला ‘गुआनाहानी’ म्हणत. कोलंबसाने ते नाव नोंदविले आणि त्याच दमात तिला ‘सान साल्वादोर’ हे नवे नाव दिले. पन्नास माणसांच्या बळावर ह्या सर्वांना अंकित करता येईल, अशी नोंद दोनच दिवसांनी आढळते. पाहणे आणि घेणे ह्यांत एका दिवसाचेही अंतर पडले नाही.

आपण हिंदुस्थानाच्या शेजारच्या बेटांवर आलो आहोत अशी त्याची खात्री होती. म्हणून तेथील लोक ‘इंडियन’ झाले आणि ती बेटे पुढे ‘वेस्ट इंडीज’ म्हणून ओळखली गेली. मागच्या बाकावरील मुलाच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. चार सफरी करूनही कोलंबसाने ही समजूत सोडली नाही आणि २० मे १५०६ रोजी तो निवर्तला. ही भूमी निराळे खंड आहे हा विचार आमेरिगो व्हेस्पुची ह्याच्या नावे प्रसिद्ध झालेल्या पत्रांतून पसरला आणि १५०७ मध्ये मार्टिन वाल्डझेम्युलर ह्याच्या नकाशावर ‘अमेरिका’ हे नाव प्रथम छापले गेले. ‘शोध’ म्हणजे अज्ञात सत्याचे ज्ञान असा काटेकोर अर्थ घेतला, तर युरोपच्या दृष्टीनेही कोलंबसाने अमेरिकेचा शोध लावला असे म्हणणे अवघड आहे.

४

भाषेच्या अभ्यासकाला ह्या दोन सफरींतील दुभाष्यांचे प्रसंग विशेष बोलके वाटतील. कोलंबसाबरोबर लुईस दे तोरेस नावाचा दुभाषी होता. त्याला हिब्रू, अरमाइक आणि थोडी अरबी येत असे. पूर्वेच्या कोणत्याही दरबारात अरबी समजणारा कोणी तरी भेटेलच, असा त्यामागील हिशेब होता. नोव्हेंबर १४९२ मध्ये क्यूबा बेटावर आल्यावर, येथे चीनच्या खानाचा अंमल असावा असे समजून, कोलंबसाने त्याला एका सोबत्यासह आत पाठविले. काही दिवसांनी दोघे परत आले. खान भेटला नव्हता, अरबीचा उपयोग झाला नव्हता; वाटेत मात्र हातात पेटती पाने धरून त्यांचा धूर ओढणारे स्त्रीपुरुष त्यांनी पाहिले होते.

आता मे १४९८ मधील कालिकतचा प्रसंग पाहा. गामाच्या जहाजावरील एक सजा झालेला इसम प्रथम किनाऱ्यावर धाडण्यात आला. त्या सफरीच्या वृत्तांतात म्हटले आहे की, त्याला ट्यूनिसच्या दोन मुसलमान व्यापाऱ्यांकडे नेण्यात आले. ते स्पॅनिश आणि जिनोआची बोली बोलत होते आणि तुम्ही इकडे कशाला तडमडलात, अशा अर्थाच्या शब्दांनी त्यांनी त्याचे स्वागत केले. युरोपातील माणूस आफ्रिकेला वळसा घालून जगाच्या दुसऱ्या टोकाला येतो आणि तेथे त्याच्याच मुलखातील भाषा त्याच्या कानी पडते! तोरेसची अरबी क्यूबात मुकी ठरली, कारण त्या बेटांचा जुन्या जगाशी संबंध नव्हता. कालिकतला मात्र जुने जग आधीच एकत्र जमलेले होते. गामा त्यात उशिरा आलेला पाहुणा होता. ‘शोध’ हा एकच शब्द ह्या दोन्ही घटनांना लावल्याने त्यांच्यातील हा मूलभूत भेद विद्यार्थ्यांच्या दृष्टीआड होतो.

तरीही ह्या दोन कथा परस्परांपासून अलग ठेवता येत नाहीत. १४९४ च्या तोर्देसिल्यासच्या तहाने स्पेन आणि पोर्तुगाल ह्यांनी अटलांटिकमध्ये एक रेघ ओढून नवे मुलूख आपसांत वाटून घेतले. १५०० मध्ये काब्राल हा पोर्तुगीज कप्तान हिंदुस्थानाकडे निघाला असता एप्रिल महिन्यात ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कालिकतला पोहोचला. एकाच आरमाराने एकाच सफरीत दोन्ही किनारे गाठले. त्यानंतर दहा वर्षांनी, नोव्हेंबर १५१० मध्ये, आल्बुकर्कने विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा कायमचे घेतले. सोलापूरचा भुईकोट किल्ला ज्या आदिलशाही-निजामशाही झगड्यात हातोहात फिरत होता, त्या आदिलशाहीच्या पश्चिम दारात अशा रीतीने ब्राझीलशी दळणवळण असलेली सत्ता येऊन बसली. अमेरिकेची रोपे आणि बियाणी आपल्या प्रदेशात येण्याचा एक मोठा मार्ग हाच होता.

५

पुढच्या भेटीत शिक्षकांच्या संमतीने लेखकाने त्या वर्गाला एक काम दिले. डब्यातील आणि घरातील काही पदार्थांना घरी काय म्हणतात ते प्रत्येकाने लिहावे, एवढेच ते काम. फळ्यावर चार भाषांचे चार रकाने आखले आणि मुले सांगतील तसे शब्द भरत गेलो. थोड्याच वेळात चार पद्धती स्पष्ट झाल्या.

पहिली पद्धत आयात शब्दाची. ‘बटाटा’ हा पोर्तुगीज ‘बताता’. आणि पोर्तुगीजांकडे तो कॅरिबियन बेटांतील ताइनो भाषेतून आला होता, रताळे ह्या अर्थाने. रताळे हेही अमेरिकेचेच कंद. त्याला आपण संस्कृतातील ‘रक्तालु’ हे जुने नाव दिले आणि त्याचे मूळ नाव भलत्याच कंदाच्या पदरी पडले. ‘काजू’ आणि ‘अननस’ हे ब्राझीलच्या तुपी भाषेतील शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आले. ‘पपई’चा उगमही कॅरिबियन प्रदेशातील आहे. अशा शब्दांचा पद्धतशीर अभ्यास करणारे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो हे गोमंतकातील आसगावचे होते. आशियाई भाषांवरील पोर्तुगीज शब्दांच्या प्रभावाविषयीचा त्यांचा ग्रंथ १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या विद्यार्थ्यांना हे नाव ठाऊक असावयास हवे.

दुसरी पद्धत अर्थविस्ताराची. मिरची हे तिचे उत्तम उदाहरण होय. मराठीत मिरे आणि मिरची, कन्नडमध्ये मेणसु आणि मेणसिनकायि, तेलुगूत मिरियालु आणि मिरपकाय. दखनीत काळी ती मिर्च आणि लाल तीही मिर्चच. चारही भाषांनी नव्या तिखटाला जुन्या काळ्या मिरीचे नाव दिले. पेरूचेही तसेच. हे नाव पोर्तुगीज ‘पेरा’ म्हणजे नासपती ह्यावरून आले असे मानले जाते. आणि हिंदी-उर्दूतील ‘अमरूद’ हा फारसी शब्दही मुळात नासपतीचाच वाचक आहे. दोन निरनिराळ्या भाषांतील लोकांनी ह्या फळाकडे पाहून एकच तुलना केली.

तिसरी पद्धत समासाची. सोलापूरची ओळख झालेली चटणी ज्या शेंगांची होते, त्यांचे मूळ स्थान दक्षिण अमेरिका. मराठीने त्यांना ‘भुईमूग’ म्हटले, म्हणजे भुईतला मूग. तेलुगूने ‘वेरुशनग’, म्हणजे मुळाशी येणारा हरभरा. कन्नडने ‘नेलगडले’, म्हणजे जमिनीतला हरभरा. मक्याला कन्नड ‘मेक्केजोळ’ आणि तेलुगू ‘मोक्कजोन्न’ म्हणते. ‘जोळ’ आणि ‘जोन्न’ म्हणजे ज्वारी. ज्यांचे रोजचे अन्न ज्वारी, त्यांना परके धान्य ज्वारीचाच एक प्रकार वाटावे हे साहजिक आहे. ती ज्वारीही काही हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेली आहे, ही गोष्ट येथे नमूद करणे अप्रस्तुत ठरू नये. ‘आईन-इ-अकबरी’त अननसाला ‘कटहल-इ-सफरी’, म्हणजे प्रवासातला फणस, असेही नाव दिले आहे, पद्धत तीच.

चौथी पद्धत सर्वांत फसवी. ‘सीताफळ’ आणि ‘रामफळ’ ही नावे ऐकून ही फळे रामायणकालापासून येथे असावीत असे वाटते. अलेक्झांडर कनिंगहॅम ह्यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञालाही भारहुतच्या शिल्पांत सीताफळ दिसल्याचा भास झाला होता. वनस्पतिशास्त्र मात्र दोन्ही फळांचे मूळ उष्ण कटिबंधातील अमेरिकेत सांगते. नावाची प्राचीनता आणि वस्तूची प्राचीनता ह्या दोन निराळ्या बाबी आहेत, हे भाषिक पुरावा वापरणाऱ्या प्रत्येक इतिहास-विद्यार्थ्याने ध्यानी धरावे.

ह्याच संदर्भात एका मुलाने सहज विचारले, ‘‘मग एकादशीला काय खात होते?’’ पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्यातील मुलाचा हा प्रश्न. उपवासाच्या ताटातील शेंगदाणे, बटाटा, रताळे आणि हिरवी मिरची ही सर्व अमेरिकेची. साबुदाण्याचे नाव मलाय भाषेतील एका ताडवर्गीय झाडाचे, पण आपल्याकडे तो ज्या कंदापासून बनतो तो कसावा दक्षिण अमेरिकेचा. ज्ञानेश्वरांच्या काळी ह्यांपैकी एकही वस्तू येथे नव्हती. परंपरा जपण्याच्या दिवशीच ताट सर्वाधिक परदेशी असावे, ह्यात उपहास करण्याजोगे काही नाही. बाहेरून आलेले धान्य आणि फळ आपलेसे करून घेण्याची समाजाची शक्ती किती मोठी असते, हेच त्यातून दिसते.

६

सर्वांत जवळचा पुरावा मात्र डब्यात नव्हता. तंबाखूचे नाव निघाले तेव्हा प्रश्न विचारणारी तीच मुलगी म्हणाली, ‘‘आमच्या आईच्या सुपात असते की.’’ पूर्व भागातील असंख्य घरांत स्त्रिया मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. त्यातील पान तेंदूचे, म्हणजे ह्या देशातील, ‘विडी’ हा शब्द ‘विडा’ ह्याच कुळातला, संस्कृत ‘वीटिके’पासून आलेला, तंबाखू मात्र अमेरिकेची, आणि तिचे नाव कॅरिबियन बेटांतून स्पॅनिश-पोर्तुगीजांच्या द्वारा आलेले. तोरेस आणि त्याच्या सोबत्याने क्यूबात पाहिलेली ती पेटती पाने हीच होत. अकबराचा वकील असद बेग इ. स. १६०४ च्या सुमारास विजापूरहून परतला तेव्हा त्याने ही अपूर्व वस्तू बादशहापुढे सादर केली. म्हणजे मुघल दरबारालाही तंबाखूची ओळख करून दिली ती आपल्या शेजारच्या विजापूरने. जहांगीराने १६१७ मध्ये तिच्यावर बंदी घातली, पण ती टिकली नाही.

येथे मूळ प्रश्नाकडे परत येता येते. कोलंबसाने बेटांवरील तिखट फळ चाखले तेव्हा त्याला तेथील लोक ‘आही’ म्हणतात हे त्याने नोंदविले, पण ही त्यांची मिरीच, असेही लिहिले. मिरीच्या शोधात निघालेल्याला जिकडेतिकडे मिरीच दिसावी ह्यात नवल नाही. सोलापूरच्या चारही भाषांनी पुढे तीच चूक केली. अपरिचिताला परिचिताच्या नावाने हाक मारणे ही मनुष्यमात्राची रीत आहे. त्या बाबतीत जिनोआचा खलाशी आणि बार्शीची गृहिणी ह्यांच्यात फरक नाही. फरक पडतो तो पुढच्या पावलात. मिरचीला मिरीचे नाव दिल्याने कोणाचे घर गेले नाही. गुआनाहानीला सान साल्वादोर म्हटले गेले ते मात्र ताबा घेण्यासाठी, आणि तेथील माणसांना ‘इंडियन’ म्हणता म्हणता त्यांची स्वतःची नावे पुसली गेली.

ताइनो लोकांवर सक्तीची मजुरी लादली गेली. सोन्याच्या खाणींत आणि मळ्यांवर ते राबविले गेले. १५१८ च्या अखेरीस हिस्पानिओला बेटावर देवीची साथ पसरली आणि अगोदरच खचलेला तो समाज कोसळला. त्यांच्या जागी राबण्यासाठी आफ्रिकेतून गुलाम आणले गेले. लास कासास ह्यांनी ह्या अत्याचारांविरुद्ध आयुष्यभर लेखणी झिजविली. त्यांचा प्रसिद्ध वृत्तांत १५५२ मध्ये छापला गेला. ताइनोंचा वारसा सांगणारे लोक आज कॅरिबियन बेटांत आहेत, परंतु ती भाषा बोलली जाण्याचे कधीच थांबले. तिचे काही शब्द तेवढे जगभर विखुरले. त्यांतील ‘बटाटा’ आपण दररोज उच्चारतो.

७

मग वर्गात काय शिकवावे? ‘शोध’ हा शब्द पुस्तकातून हद्दपार करावा असे लेखकाचे म्हणणे नाही. शब्द काढून टाकल्याने घटना बदलत नाही. आणि युरोपीयांच्या भूगोलज्ञानात त्या सफरींनी क्रांती घडविली हे सत्यही झाकण्याचे कारण नाही. परंतु एका वाक्याने जे काम होत नाही ते तीन वाक्यांनी होऊ शकते. ‘इ. स. १४९२ मध्ये कोलंबस गुआनाहानी बेटावर पोहोचला. तेथे ताइनो लोक राहत होते. त्याने त्या बेटाचा ताबा स्पेनच्या नावे घेतला.’ ‘पोहोचणे’ ह्या क्रियापदाला ठिकाण लागते, आणि ठिकाणाला रहिवासी असू शकतात. ‘ताबा घेणे’ ह्या क्रियापदाला ज्याच्याकडून घेतले असा कोणी तरी गृहीत धरावाच लागतो. ही वाक्ये आठवीच्या मुलांना कठीण नाहीत आणि परीक्षकालाही तपासण्यास अवघड नाहीत.

दुसरी सूचना अशी की, ह्या पाठाची साधने दूर शोधण्याची गरज नाही. ज्या शहरात चार भाषा एका गल्लीत नांदतात तेथे प्रत्येक घराचे स्वयंपाकघर हे एक छोटे दप्तरखाने आहे. मुलांनी घरून आणलेले शब्द फळ्यावर मांडले की, जगाच्या इतिहासातील एक मोठी उलथापालथ त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहते. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी सोलापूर, अक्कलकोट, मंगळवेढा ह्या भागांतील अशा वस्तुनामांचा संग्रह बोलीनिहाय केला, तर भाषाविज्ञान आणि इतिहास ह्या दोन्ही शाखांना तो उपयोगी पडेल.

त्या दिवशी तास संपल्यावर फळ्यावरील चारही रकाने भरलेले होते. मुलीने ते सर्व वहीत उतरवून घेतले. पूर्वी लिहिलेल्या ‘अमेरिकेचा शोध लावला’ ह्या ओळीवर तिने काट मारली नव्हती. तिच्यापुढे कंसात एकच शब्द लिहिला होता : ‘कोणासाठी?’ इतिहासाच्या अध्यापनाकडून ह्याहून अधिक अपेक्षा क्वचितच करता येईल.